धुरासकट अग्नी : गीता, अध्याय १८, श्लोक ४८



काल आपण सत्तेचाळिसावा श्लोक पाहिला. आज अठ्ठेचाळिसावा. क्रमाने जायचं ठरवलंय म्हणून तो आज आला, नाहीतर खरं सांगतो, मी तो टाळला असता. दोन वर्षांपूर्वी अठरावा अध्याय लिहिला तेव्हा टाळलाच होता. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस एकत्र करून चार ओळींत गुंडाळले आणि पुढे गेलो. आज तसं करता येणार नाही, कारण आज श्रावण वद्य पंचमी आहे. माझ्या बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध.

आधी श्लोकाचा अर्थ साध्या शब्दांत. भगवंत अर्जुनाला म्हणतात, जे कर्म तुझ्याबरोबर जन्माला आलं आहे, ते दोषयुक्त असलं तरी टाकू नकोस. कारण कुठलंही काम हाती घे, त्याला दोष चिकटलेला असतोच, जसा अग्नीला धूर.

हा श्लोक आपल्यासारख्यांना अडचणीचा वाटतो. एक तर 'जन्माला आलेलं कर्म' म्हटलं की लगेच जात आठवते. आजोबांनी जे केलं तेच नातवानं करावं, हे सांगायला हा श्लोक पुष्कळ वापरला गेला आहे. दुसरं म्हणजे, 'दोष असला तरी टाकू नकोस' हे ऐकायला सोयीचं वाटतं. लाच घेणाराही म्हणेल, धूर तर असतोच!

माझी अडचण तिसरीच होती. हा श्लोक वाचला की मला बाबांचे हात दिसायचे, आणि त्या हातांचा वास यायचा.

बाबा मच्छीमार होते. पालघरजवळच्या सातपाटीचे. चौदाव्या वर्षी बोटीवर चढले आणि त्रेसष्टाव्या वर्षी उतरले. म्हणजे ४९ वर्षं समुद्रावर. सातपाटी म्हणजे पापलेट. पाच-सहा दिवसांचं डिझेल, बर्फ, तांदूळ, गोडं पाणी भरायचं आणि बाहेर पडायचं. आमची खाडी गाळाने भरलेली, त्यामुळे बोट बाहेर न्यायची ती भरतीवर, आत आणायची तीही भरतीवर. माल भरलेला असो नाहीतर घरात कुणी आजारी असो, भरती आल्याशिवाय बंदरात शिरता येत नाही. लहानपणी बाबांची बोट समोर दिसायची आणि आई म्हणायची, "अजून दोन तास." बाप समोर आहे आणि घरी येऊ शकत नाही, हे मी दर आठवड्याला बघितलंय.

आणि बाबा वारकरी होते.

इथे जरा थांबा. मच्छीमार आणि वारकरी हे एका वाक्यात म्हटलं की शहरातल्या लोकांच्या भुवया वर जातात. मला त्या भुवया चांगल्या परिचयाच्या आहेत. पण आमच्या किनाऱ्यावर ही गोष्ट नवीन नाही. घरात आई एकविरेचा फोटो असतो, चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर जाणं असतं, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ असतो आणि संध्याकाळी देवळात भजनही असतं. आणि पंचांगाने आमच्यावर एक उपकार केलाय. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. आता यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, कारण माशांची अंडी घालायची वेळ. आषाढी एकादशी नेमकी त्यातच येते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी वळचणीला टांगलेली, आणि बाबा आळंदीहून पायी पंढरपूरला. "देवानं आमाला सुट्टी बघूनच एकादशी काढलीय," असं ते म्हणायचे.

कार्तिकी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. कार्तिकात हंगाम भरात असतो. कार्तिकी एकादशीला बाबा पाण्यावर असायचे. बोटीवर उपास करायचे. शेंगदाणे, खजूर आणि काळा चहा. पण जाळं मात्र त्याही दिवशी पाण्यात जायचं, कारण बोटीवरच्या बाकीच्या माणसांची घरं त्या जाळ्यावर होती.

पापलेटचं जाळं, आमच्याकडे दालदी म्हणतात, ते लांबच लांब पाण्यात पसरून सोडून द्यायचं असतं. मग काही तास नुसतं थांबायचं. त्या थांबण्याच्या वेळात बाबा हरिपाठ म्हणायचे. अंधार, इंजिन बंद, खाली नाखवा-खलाशी झोपलेले, आणि हे एकटे वर. जाळं सोडण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला लावायचे. दहावीच्या सुट्टीत मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो होतो. तेव्हा विचारलं होतं, "बाबा, काय म्हणता तुम्ही पाण्याला हात लावून?"

"काय नाय. माफी मागतो."

मला तेव्हा हसू आलं होतं. माफी मागायची आणि लगेच मारायचं? मी उलट्या करून अर्धमेला झालो होतो, त्यामुळे वाद घालायची ताकद नव्हती. पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढे तो मोठा झाला आणि त्याची लाज झाली.

लाज कशी वाढते ते सांगतो. इंजिनिअरिंगला मुंबईत आलो, तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी नाक दाबून माझ्या बॅगेकडे बघितलं. आईने सुका जवळा दिला होता. मी तो रात्री टाकून दिला. वडील काय करतात विचारलं की मी 'बिझनेस' म्हणायचो. नोकरी पुण्यात लागली. पुढे गीतेची गोडी लागली, रोज पहाटे उठून वाचायला लागलो, ही चिंतनं लिहायला लागलो. आणि मग लाजेला शास्त्राचा आधार मिळाला. अहिंसेवरची माझी चिंतनं वाचलेली आठवतात का? ती लिहिताना माझ्या मनात कोण होतं, ते आता तुमच्या लक्षात येईल.

तीनेक वर्षांपूर्वी बाबा पुण्याला आले होते. तोवर त्यांनी बोटीतला आपला हिस्सा चुलतभावाला दिला होता आणि त्याच आठवड्यात माळ घातली होती. त्याआधी तीसेक वाऱ्या माळेविना. कारण माळ घातली की मासे खायचे नाहीत, आणि बाबा म्हणायचे की माझं अख्खं घर मासळीवर चालतंय, मग माळ घालून कुणाला दाखवू? दिंडीत कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, "दर्याचा माणूस हाय, माळ नाय माझ्याकडं." माळ घातल्यावर त्यांनी स्वतः मासे सोडले, पण घरात कुणाला सोडायला लावले नाहीत. नातीसाठी ताजं पापलेट निवडायला बाजारात तेच जायचे, कारण आमच्यापैकी कुणाला ते नीट बघता येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

तर आम्ही लिफ्टमध्ये होतो. शेजारच्या काकांनी विचारलं, "वडील का? कशातून रिटायर झाले?"

मी म्हणालो, "एक्स्पोर्टचा व्यवसाय होता."

पापलेट परदेशी जातंच, म्हणजे अगदीच खोटं नाही. बाबा काही बोलले नाहीत. लिफ्टमधल्या आरशात आमची नजरानजर झाली आणि त्यांनीच नजर खाली घेतली. जणू चूक त्यांची होती.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रवचन होतं. बाबांना मीच घेऊन गेलो, मोठ्या हौसेने. प्रवचनकारांचा विषय भूतदया. छान बोलत होते. बोलता बोलता म्हणाले की जे जीव मारून पोट भरतात, त्यांच्या मुखातलं नाम देवापर्यंत पोचत नाही. हॉलमध्ये माना डोलल्या. माझी मानही सवयीने डोलली, आणि मग शेजारी कोण बसलंय ते आठवलं.

प्रसाद घेताना प्रवचनकारांनी बाबांच्या गळ्यातली माळ पाहिली. आदराने विचारलं, "माउली, आपण काय करता?"

बाबांनी हात जोडले. "मासे धरायचो, महाराज. एकोणपन्नास वर्षं."

शेजारचे काका मागेच उभे होते. प्रवचनकार क्षणभर थांबले आणि मग त्यांनी बाबांच्या हातावर प्रसाद ठेवला. कुणी कुणाला काही बोललं नाही. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. पण कशाची लाज वाटतेय ते त्या वेळी नक्की कळेना. बाबांची, की लिफ्टमधल्या माझ्या उत्तराची?

घरी येताना मी चिडून म्हणालो, "त्यांना कळतच नाही काही. तुम्ही कशाला ऐकून घेतलंत?"

बाबा म्हणाले, "तो म्हनाला त्यात खोटं काय? जीव जातो. मी कधी नाय म्हटलं? जाळ्यातून काढताना हातात तडफडतो तो, ते मी बघितलंय का त्यानं?" थोडं चालल्यावर म्हणाले, "मी देवाला रोज तेच सांगत आलो. हे असं हाय माझं. तुला चालत असंल तर घे."

मंडळी, मी अठराव्या अध्यायावर जी काही पुस्तकं वाचली, त्यात या श्लोकाचा इतका सरळ अर्थ मला सापडला नव्हता.

हे समजायला वनपर्वातली धर्मव्याधाची कथा आठवा. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ती सांगतात. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण. झाडाखाली वेद म्हणत बसला असता वरून बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिलं, ती बगळी मरून पडली. पुढे भिक्षेला गेला, तर एका गृहिणीने नवऱ्याची सेवा करता करता त्याला थांबवून ठेवलं. तो रागावला, तेव्हा ती म्हणाली की मी काही बगळी नाही. आणि धर्म समजून घ्यायचा तर मिथिलेला व्याधाकडे जा, असं तिने सांगितलं. कौशिक गेला आणि पाहतो तर काय, तो ज्ञानी माणूस मांसाच्या दुकानात बसलेला! कौशिकाला ते घोर वाटलं. व्याधाने दुकान आवरून त्याला घरी नेलं, धर्माचं सूक्ष्म विवेचन केलं, आणि शेवटी आपले म्हातारे आई-वडील दाखवले. म्हणाला, माझे देव हेच.

प्रामाणिकपणे एक फरक सांगायला हवा. तो व्याध स्वतः मारत नव्हता आणि खातही नव्हता. दुसऱ्यांनी मारलेलं विकत होता. माझे बाबा स्वतः धरत होते, आणि त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत आवडीने खातही होते. म्हणून मी त्यांना धर्मव्याध म्हणणार नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. पण कथेतला मुद्दा दोघांना लागू आहे. व्याध आपलं काम सुंदर करून दाखवत नाही. ते घोर आहे हे तो मान्य करतो. लपवत मात्र नाही.

आता धूर. आपल्यापैकी अनेकांनी चूल बघितली नसेल. मी बघितलीय. धूर सगळ्या चुलींना असतो, पण सारखा नसतो. लाकूड ओलं असेल तर घर भरून धूर होतो, डोळे चुरचुरतात. वाळलेलं असेल तर कमी. पेटवणाऱ्याच्या हातात एवढंच असतं की लाकूड वाळवून घ्यावं. धूर अजिबात नको म्हणणाऱ्याला चूल विझवावी लागते, आणि मग भात होत नाही. धूर असतोच म्हणून ओलं लाकूड घालणाऱ्याला तर घरातलीच माणसं बाहेर काढतील. हा श्लोक या दोघांच्या मधला आहे.

बाबांचं वाळलेलं लाकूड कोणतं होतं, ते सांगतो.

दालदी जाळ्यात मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. त्यामुळे जाळ्याचं एकेक भोक, ज्याला आस म्हणतात, ते केवढं आहे यावर कोण अडकणार ते ठरतं. आस मोठा असेल तर बारकं पापलेट आरपार निघून जातं, वाढतं, पुढच्या वर्षी अंडी घालतं. आस लहान केला की बारकंही येतं. वजन भरतं, पैसे हातात पडतात. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा हंगाम वाईट गेला. आजूबाजूच्या काही बोटींनी आस लहान केले. चुलते म्हणाले, आपणही करू. बाबा नाही म्हणाले. त्या वर्षी माझी फी भरायला आईच्या पाटल्या गेल्या.

मी फोनवर भांडलो होतो. "त्या बारक्या माशांपेक्षा मी लहान आहे का तुम्हाला?"

"नाय, पोरा. तुला अजून दोन वर्षं फी लागायची हाय. हे बारकं आज उचललं, तर तिसऱ्या वर्षाला समुद्रातून काय काढू?"

मला ते उत्तर नुसतं हिशेबी वाटलं होतं. आज वाटतं, त्या हिशेबात मीही होतो, समुद्रही होता आणि ते पापलेटही होतं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, तेव्हा मी कौतुकाने फोन केला. बाबा म्हणाले, "मान दिला, चांगलं झालं. आता आस पन मोठा करायला सांगा."

दुसरी गोष्ट मला ते गेल्यानंतर कळली. दहाव्या दिवशी गावातल्या एक मावशी आईजवळ बसून रडत होत्या. त्यांचे यजमान पूर्वीच गेलेले. बाबा बंदरात आले की प्रत्येक फेरीला त्यांच्या घरी कालवणाचे मासे पोचायचे, आणि तेही स्वतःच्या वाट्यातले, बोटीच्या नव्हेत. अशी पाच-सहा घरं होती. आम्हाला घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं.

सेहेचाळिसाव्या श्लोकावर माउलींनी स्वकर्माला पूजेच्या फुलांची उपमा दिली आहे, हे आपण परवाच पाहिलं. बाबांच्या फुलांना मासळीचा वास होता. त्यांनी अत्तर लावून ती वाहिली नाहीत. जशी होती तशी वाहिली.

आता माझ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे. कारण हे वाचणारे बहुतेक जण माझ्यासारखेच लॅपटॉपवाले.

'जन्माला आलेलं कर्म' म्हणजे बापाचा धंदा, असा अर्थ बाबांनी तरी कधी घेतला नाही. मला बोटीवरून उलट्या करताना बघून त्यांनीच आईला सांगितलं होतं, "याचा दर्या दुसरा हाय, याला शिकू दे." आपल्या प्रकृतीला मिळतं, आपल्या वाट्याला आलेलं आणि आपण मनापासून करू शकतो असं काम, तेच सहज कर्म, असं मी धरून चालतो. तर मग माझ्या कामातला धूर कुठे आहे?

माझा समज होता की माझं काम स्वच्छ आहे. एसी, कॉफी, कोड. कुणाचा जीव जात नाही. त्याच पुण्याच्या मुक्कामात बाबांनी विचारलं, "तू नेमकं बनवतोस काय?"

मी तेव्हा मोबाइलवरून छोटी कर्जं देणाऱ्या एका ॲपसाठी काम करत होतो. म्हणालो, "लोकांनी हप्ता वेळेवर भरावा म्हणून त्यांना आठवण करणारी सिस्टिम."

"नाय भरला तर?"

"परत आठवण."

"तरी नाय भरला तर?"

"मग जरा कडक भाषेत. दिवसातून तीन-चार वेळा." मी उत्साहाने सांगितलं की कोणत्या वाक्याने लोक जास्त पैसे भरतात हे आम्ही मोजतो, आणि घाबरवणारं वाक्य सगळ्यात जास्त चालतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "तुज्या जाळ्याचा आस केवढा हाय?"

मी हसलो. रात्री झोप लागली नाही. घाबरवणारा मेसेज ज्यांना जात होता त्यांत बुडवे किती आणि पगार दोन दिवस उशिरा झालेला माणूस किती, हे मी कधी तपासलंच नव्हतं. सगळे एकाच आसात अडकत होते. माझ्या हातात काही तडफडत नव्हतं, हाताला वास येत नव्हता, एवढाच फरक. आणि त्या बिनवासाच्या हातांनी मी पहाटे अहिंसेवर चिंतन लिहीत होतो.

मी नोकरी सोडली नाही. घरकर्ज आहे, मुलगी लहान आहे. मीटिंगमध्ये मुद्दा मांडला की पहिल्यांदाच हप्ता चुकलेल्याला आठवडाभर एकच साधा मेसेज जावा. दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा छोट्या रकमांपुरता मान्य झाला. फार मोठं काही नाही, आस थोडा मोठा झाला इतकंच. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं केलंस." त्यांच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे पुष्कळ.

इथे चिंतन संपवता आलं असतं. पण मग मीही अत्तर लावल्यासारखं होईल.

धर्मव्याधाच्या कथेचा शेवट आपण सहसा सांगत नाही. सगळं ज्ञान देऊन झाल्यावर व्याध कौशिकाला म्हणतो, तू आई-वडिलांना न विचारता वेदाध्ययनासाठी घर सोडलंस. ते तुझ्या दुःखाने आंधळे झाले आहेत. आधी घरी जा.

माळ घातल्यावर बाबांची एकच इच्छा होती. आता हंगाम आड येत नाही, तर एकदा कार्तिकी करायची, माझ्याबरोबर. पहिल्या वर्षी माझं रिलीज होतं. दुसऱ्या वर्षीही काहीतरी होतं, काय ते आता आठवतही नाही. म्हणजे किती महत्त्वाचं असेल बघा. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा," असं म्हणत गेलो. त्यांचा सकाळचा फोन साधारण सहाला यायचा. त्या वेळी मी चिंतन लिहीत असायचो. स्क्रीनवर 'बाबा' दिसायचं, मी फोन कट करायचो आणि मेसेज टाकायचो, 'नंतर करतो.' तुम्ही वाचलेली कित्येक चिंतनं त्या कापलेल्या फोनवर उभी आहेत. त्यांत पुंडलिकावरचंही एक आहे.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या. पाच दिवसांनी सकाळी बाबा बंदरावर कुणाचं तरी फाटलेलं जाळं शिवून देत बसले होते. तिथेच छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी दोन बोटी थांबल्या होत्या. बाबांच्या जुन्या बोटीवरची माणसं होती त्यात. समोर दिसत होती, पण भरती आल्याशिवाय आत येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी आम्ही तीन तास थांबलो. त्या तीन तासांत मला कळलं की मला तर कधी ओहोटी आडवी आली नव्हती. माझ्या वाटेत पाणी भरपूर होतं. मी आलो नव्हतो.

हा माझा धूर. कुठल्याही श्लोकाने तो अग्नी होत नाही, आणि व्हावा असंही मला वाटत नाही. बाबांनी शिकवलं ते एवढंच की तो झाकायचा नाही, लाकूड वाळवायचं, आणि आहे ते त्याच्यासमोर ठेवायचं.

आज सकाळी घरी श्राद्ध झालं. दुपारी शेजारच्या काकांकडे प्रसाद द्यायला गेलो आणि त्यांना सांगितलं, "काका, बाबा मच्छीमार होते. तेव्हा मी खोटं बोललो." काका म्हणाले, "अरे, ते तर त्यांनी त्याच दिवशी सांगितलं ना! मग मला पापलेट कसं ओळखायचं तेही शिकवून गेले."

तर आजचा अभ्यास. आपल्या कामात आपण कुणाला कुणाला अडकवतो, ते एका कागदावर लिहा. कुणाला दाखवायची गरज नाही. मग बघा, आस थोडा मोठा करता येईल अशी एक तरी जागा आहे का. आणि हे वाचत असताना आई-बाबांचा फोन आला, तर हे वाचन तिथेच सोडा. पुढचा श्लोक उद्याही असेल.

येत्या कार्तिकीचं तिकीट काढलंय. आईबरोबर जातोय. बाबांची माळ त्यांच्या गळ्यातच गेली. त्यांचे टाळ घरी आहेत, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले. मी ते घासून चकाकवणार होतो, पण आई नको म्हणाली. तसेच नेणार आहे. मी अजून मासे खातो, म्हणून गळ्यात माळ नाही. वाळवंटात उभं राहून ते हिरवे टाळ वाजवेन, आणि विठोबाला बाबांच्याच शब्दांत सांगेन : हे असं हाय माझं. तुला चालत असंल तर घे.

राम कृष्ण हरी.